कन्नडला आलेली पेटी

निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा कॉलनीतल्या लोकांनी माझा सत्कार ठेवला. आमचं औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. सत्कारात एका वकील साहेबांनी विचारलं, परदेशात राहून तुम्ही नेमकं काय करत होता? मी म्हणालो, लोकांची प्रेतं घरी पाठवत होतो. सगळे हसले. त्यांना वाटलं साहेब विनोदी आहेत.

मुत्सद्दी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काळा बंद गळ्याचा कोट, झुंबरं आणि हातातला पेला येतो. ते सगळं असतं. पाय दुखेपर्यंत उभं राहायचं आणि ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्याकडं बघून हसायचं, एवढंच त्यात काम. पण दूतावासाला एक मागचं दार असतं. त्या दाराशी सकाळपासून माणसं उभी असतात. कुणाचा पासपोर्ट मालकानं काढून घेतलाय, कुणी तुरुंगात आहे, कुणाची बाळंतपणाची वेळ झालीय आणि नवरा कुठं आहे माहीत नाही. एकदा बीडकडचा एक बाप मुलगा नोकरीला असलेल्या देशात स्वतः येऊन धडकला आणि मला म्हणाला, साहेब, पोरगा पितो का तेवढं गुपचूप बघून सांगा. या मागच्या दाराचं काम करणाऱ्याला वाणिज्यदूत म्हणतात. वाणिज्याशी त्याचा संबंध फारसा नसतो. माझ्या नोकरीची बरीच वर्षं त्याच दाराशी गेली. शेवटी एका छोट्या देशात राजदूतही झालो, पण तिथलं सांगण्यासारखं काही नाही.

या नोकरीत मला जे काही जमलं ते माझ्या वडिलांच्या उर्दूमुळं. आम्ही मूळचे करमाडकडचे, शेतीवाले. आबा मात्र निजामाच्या काळात उर्दूतून शिकले आणि वैजापूरच्या तहसिलीत कारकून झाले. पोलीस अ‍ॅक्शन झाली आणि पुढं कचेऱ्यांची भाषा बदलली. आबांचं सुंदर वळणदार उर्दू एकाएकी कुणाला नको झालं. त्यांनी नोकरीत असतानाच मराठी टिपणं लिहायला नव्यानं हात बसवला आणि घरी मला अलिफ-बे शिकवलं. का शिकवलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकट्यानं बोलायचा कंटाळा आला असेल.

आता ज्या प्रकरणाबद्दल लिहायचं ते आखातातल्या एका देशातलं. देशाचं नाव घेत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. जी माणसं यामुळं दुखावली असती ती आता हयात नाहीत, म्हणून लिहितो आहे.

मोबाईल अजून आले नव्हते. तिकडं बांधकामावर आपल्याकडची हजारो माणसं होती. केरळची, आंध्रची फार. मराठवाड्यातली थोडी, पण होती. आमच्या शेजारच्या देशातलीही तेवढीच. एकाच खोलीत वरच्या बाकावर हा, खालच्या बाकावर तो. एके दिवशी कामगारांना नेणारी गाडी वाळवंटातल्या रस्त्यावर उलटली आणि पेटली. काही माणसं गेली. त्यांत एक आपला होता, कन्नड तालुक्यातला अंकुश. एक पाकिस्तानी पंजाबातला मुश्ताक. बाकीचे इतर देशांचे.

माणूस परदेशात मेला की त्याला घरी आणणं हे जिवंत माणसाला आणण्यापेक्षा अवघड असतं. पोलिसांचा दाखला, दवाखान्याचा दाखला, मालकाचं पत्र, प्रेताला औषधं भरल्याचं प्रमाणपत्र, मग आमचं ना हरकत. तेव्हा कुठं पेटीच्या पत्र्याला झाळ मारून ती बंद करतात आणि विमान कंपनी हात लावते. ओळख पटवण्याचं काम तिथल्या शवागाराचं आणि मालकाच्या माणसाचं. जळालेल्या चेहऱ्यावरून ओळख ती काय पटवणार. पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरून पटवतात.

माझी रजा त्याच आठवड्यात होती, आबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. माणूस आपल्या जिल्ह्यातला, घरचं कुणी शिकलेलं नाही, म्हणून मी त्याच विमानानं निघालो. मुंबईला विमानतळावर अंकुशचा मोठा भाऊ बबन आला होता. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मुंबई पाहिली ती माल उतरवण्याच्या मागच्या बाजूनं. पेटी गाडीत ठेवली, त्यानं तिच्यावर घोंगडी पसरली आणि पुढं चाळीसगावचा घाट चढेपर्यंत एक शब्द बोलला नाही. घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तेव्हा पेटी सरकू नये म्हणून तो तिला टेकून बसला. मग आपणहोऊन सांगायला लागला. घरी मेंढरं होती, पण चराईची रानं कमी होत चालली होती. अंकुशला मेंढरामागं फिरायचं नव्हतं. साखर कारखान्यात लागला नाही, म्हणून तिकडं गेला.

त्यांची वस्ती कन्नडच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. अंगणात भावकी जमलेली. अंकुशची आई, गयाबाई, उंच, काटक बाई, ओट्याच्या कडेला उभी होती. रडत नव्हती. अंकुशची बायको कांता आत बायकांच्या घोळक्यात होती.

मी गाडीतून उतरल्यावर शवागाराची सूचना सांगितली. पेटी उघडू नका. चेहरा बघण्यासारखा राहिलेला नाही. ज्या रूपात तो तुम्हाला आठवतो तसाच राहू द्या. हे वाक्य मी पुष्कळ घरांना सांगितलं होतं आणि पुष्कळ घरांनी ऐकलं होतं.

गयाबाई म्हणाल्या, "चेहरा नगं. हात दावा."

लोकांनी समजावलं. त्या हलेनात. शेवटी बबननं पत्रा कापणारा माणूस बोलावला. पेटी उघडली तेव्हा बाकीचे मागं सरले. गयाबाई पुढं झाल्या, गुडघ्यावर बसल्या, कापड बाजूला केलं आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत पुसला. हाताला आगीनं फारसं शिवलं नव्हतं. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला. मग डावा हात पाहिला. मग कापड पहिल्यासारखं नीट पांघरलं आणि उभ्या राहिल्या.

"ह्यो माझा अंकुश नाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातावर नाव गोंदलंय, बाजूला फूल. जत्रंत मीच गोंदून घेतलं व्हतं, हरवू नाय म्हून."

 मी पेटीजवळ गेलो. हातावर गोंदण नव्हतं. बबननं पाहिलं. तोही म्हणाला, हे अंकुशचं शरीर नव्हे.

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरलो नाही. गयाबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड आला. त्या आत वळून म्हणाल्या, "कांता, कुकू पुसू नको. त्यो जित्ता हाये." आणि आतल्या बायका, ज्या सकाळपासून रडत होत्या, गप्प झाल्या.

मला ठाऊक होतं तो जिवंत नसणार. गाडीतून वाचलेल्या सगळ्यांना मी दवाखान्यात जाऊन भेटलो होतो. प्रत्येकाशी बोललो होतो. आणि मला हेही ठाऊक होतं की अंकुशच्या पेटीच्या आदल्या दिवशी दुसरी एक पेटी त्याच शवागारातून निघून पाकिस्तानात गेली होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि उंबऱ्यावर उभं राहून आईला सांगणं वेगळं. हातात पुरावा नव्हता. मी एवढंच म्हणालो, "बाई, मी तपास करतो. तोवर आशा धरू नका."

त्या म्हणाल्या, "आशा मी धरली नाय, साहेब. तुमीच दुसऱ्याला घेऊन आलात."

ज्याला घेऊन आलो त्याला आता ठेवायचं कुठं हा प्रश्न होता. भावकीतले दोघंतिघं म्हणाले, उचला ही पेटी इथून. गयाबाईंनी त्यांना गप्प केलं. पेटी पुन्हा गाडीत चढवताना त्यांनी स्वतः खालून हात दिला. आम्ही वेरूळचा घाट उतरून शहरात आलो आणि सरकारी दवाखान्याच्या शवागारात त्याला 'अनोळखी' म्हणून ठेवलं. चौकातल्या एसटीडी बूथवरून मी दूतावासाला फोन लावला. पलीकडं माझे वरिष्ठ होते.  ते म्हणाले, ही गोष्ट वर्तमानपत्रात जाता कामा नये, आणि तुम्ही परत या. त्यांचं चूक नव्हतं. त्या दिवसांत दोन्ही देशांत वातावरण असं होतं की हिंदूचं प्रेत तिकडं पुरलं आणि मुसलमानाचं इकडं आलं एवढं छापून आलं असतं तर दोन्हीकडं दुकानं जळाली असती. शवागाराची चूक कुणी वाचलीच नसती.

आबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. डोळ्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जा म्हणाले. एवढंच विचारलं की त्या पोराचं नाव काय. मी मुश्ताक सांगितलं. ते नाव त्यांनी एकदा स्वतःशी उच्चारलं.

आता नईम साहेबांविषयी सांगायला हवं. पाकिस्तानच्या दूतावासात माझंच काम करणारे ते अधिकारी. आमच्या सरकारांचं बोलणं तेव्हा जवळजवळ बंद होतं आणि समारंभांत आम्ही एकमेकांना टाळावं अशी दोघांनाही समज होती. पण दोन्ही देशांची माणसं मरत होती सारखीच, त्यामुळं शवागाराच्या बाहेरच्या बाकावर आम्ही आठवड्यातून एकदा तरी शेजारी बसलेले असायचो. सुरुवातीला पेपर वाचायचो. मग कधीतरी मी उर्दूत काही बोललो तर ते चमकून म्हणाले, ये ज़बान आपने कहाँ से पाई? मी म्हणालो, वालिद साहब से. तेव्हापासून सलाम-दुआ. त्यापलीकडं काही नाही. मैत्री म्हणावी असं काही नव्हतं, ते मोठं करून सांगत नाही.

परत गेल्यावर मी त्यांना शवागारापलीकडच्या एका मलबारी चहाच्या दुकानात बोलावलं. काय झालं ते सांगितलं. त्यांनी चहा तसाच ठेवला.

मुश्ताकच्या नावाची पेटी त्याच्या गावी पोचली त्याच संध्याकाळी दफन झालं होतं. आईनं आपल्या हातची मूठभर माती कबरीवर टाकायला पाठवली होती. रोज सकाळी ती तिथं जाऊन बसते, असं त्यांच्याकडं कळलं होतं. नईम साहेब म्हणाले, "उस माँ ने बेटे को मिट्टी दे दी. अब मैं जाकर कहूँ कि वो तुम्हारा नहीं था?"

मी म्हणालो, "और मेरी तरफ़ एक माँ बैठी है जो समझती है कि बेटा ज़िंदा है. बहू ने चूड़ियाँ नहीं तोड़ीं."

ते उठले आणि निघून गेले. मला वाटलं संपलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. आमच्या धंद्यात जी गोष्ट हलवली की दोन्हीकडं मोडते ती हलवू नये असंच शिकवलेलं असतं.

पुढचे काही दिवस मी दोन अर्जांवर सही करावी आणि चार फोन टाळावेत असे काढले. कन्नडहून बबन अधूनमधून बूथवर येऊन फोन लावायचा. आई इचारती, एवढंच म्हणायचा. एकदा म्हणाला, कांताचा भाऊ तिला न्यायला आला होता, ती गेली नाही. गयाबाईंनी वस्तीवर सांगून ठेवलं होतं की अंकुश कुठल्यातरी दवाखान्यात बेशुद्ध पडला असेल, नाहीतर डोक्याला मार लागून नाव विसरला असेल. बाईचं मन अशा वेळी किती वाटा काढतं ते मी पाहत होतो, आणि त्यातली एकेक वाट बंद करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मग एका दुपारी नईम साहेबांचाच निरोप आला. त्याच दुकानात भेटलो. ते थकलेले दिसत होते. रजा काढून ते स्वतः त्या गावी गेले होते. सरकारी कामानं गेले नव्हते. कुणाला न सांगता गेले होते. आईला भेटले नाहीत. मुश्ताकचा चुलता, ज्यानं प्रेताला आंघोळ घातली होती, त्याला बाजूला घेऊन त्यांनी फक्त एवढं विचारलं की मय्यतच्या हातावर काही निशाणी होती का.

 म्हातारा म्हणाला, होती. उजव्या हातावर निळी अक्षरं होती, दोरीवर कपडे वाळत घातलेत अशी. आणि शेजारी एक फूल.

मी चहाचा पेला खाली ठेवला. दोरीवर वाळत घातलेले कपडे. आपली देवनागरी आपल्याला कधी तशी दिसत नाही.

म्हणजे त्या माणसाला आंघोळ घालतानाच कळलं होतं. नईम साहेबांनी त्याला विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? त्यावर तो जे म्हणाला ते त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "मय्यत दरवाज़े पर आ चुकी थी. भाभी बाहर बैठी थी. मैं किसको वापस करता? मैंने सोचा, जिसका भी है, किसी का बेटा है. मैं इसे नहला दूँ, अल्लाह मेरे वाले को कहीं नहलवा देगा."

त्याची एकच विनंती होती. भाभीला कळू देऊ नका. आणि आमचा मुलगा जिथं असेल तिथंच त्याला माती द्या.

त्यानंतर आम्ही दोघांनी आपापल्या सरकारांसाठी दोन मसुदे केले. त्यांत एकही वाक्य खोटं नव्हतं आणि काय घडलं ते कुठंच नव्हतं. 'मृत व्यक्तीच्या नातेवाइकांची स्थानिक दफनास संमती आहे', 'सदर बाब उभयपक्षी समाधानकारकरीत्या निकाली निघाली आहे', अशी वाक्यं. आयुष्यभर मी अशी वाक्यं लिहिली. बहुतेकदा ती लिहिताना तोंड कडू व्हायचं. त्या दिवशी झालं नाही, पण हलकंही वाटलं नाही.

उरलेली रजा घेऊन मी परत आलो आणि आधी कन्नडला गेलो. एसटीतून उतरून वस्तीपर्यंत चालत जाताना मी वाक्य जुळवत होतो. जुळलं नाही. गयाबाई झाडाखाली एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होत्या. मला बघून त्यांनी हातातलं काम संपवलं, मेंढीला सोडलं आणि हात पुसले. माझ्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

मी सांगितलं. कुणी पाहिलं, काय पाहिलं, अक्षरं, फूल. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही. कांता दाराशी येऊन उभी राहिली होती. ती तिथंच खाली बसली.

गयाबाईंनी विचारलं, "पुरला का जाळला?"

"पुरला."

"आंगुळ घातली?"

"घातली. त्या पोराच्या चुलत्यानं."

"वळखून घातली का न वळखता?"

मी म्हणालो, "ओळखून."

त्यांनी पदर तोंडावर घेतला. रडल्या तेव्हा आवाज झाला नाही, नुसते खांदे हलत राहिले. मग पदर काढून म्हणाल्या, "आमच्या भावकीत बी पुरत्यातच." जणू मलाच धीर देत होत्या. आणि लगेच, "मंग त्यो पोरगा अजून दवाखान्यातच हाये का? इतकं दिस? त्याला कवा माती देनार तुमी?"

आत बांगड्या फुटल्याचा आवाज आला. 

शहरातली सोय आबांनी केली. डोळ्यावर हिरवं फडकं लावून ते आपल्या जुन्या दोस्तांकडं गेले, ज्यांच्याबरोबर शाळेत उर्दू शिकले होते. मी बरोबर होतो. आबांनी त्यांना काहीही लपवलं नाही आणि त्यांनीही फार विचारलं नाही. मुलाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. एक जण म्हणाला, परदेसी है, तो पहला हक़ उसी का.

सकाळी दफन झालं. बबन आणि गयाबाई पहिल्या एसटीनं आले होते. बाईमाणूस म्हणून त्या कबरस्तानच्या दाराबाहेर थांबल्या. त्यांनी एक नवी घोंगडी आणली होती, घरच्या लोकरीची, अंकुशसाठी विणून ठेवलेली. आबांच्या दोस्तांनी ती जनाज्यावर पांघरली. बबननं खांदा दिला. कुठं वळायचं, कधी थांबायचं हे त्याला कळत नव्हतं, पुढचा माणूस त्याला खुणेनं सांगत होता. दफनानंतर घोंगडी परत द्यायला कुणीतरी दाराशी आलं तेव्हा गयाबाईंनी हात मागं घेतला. कबर राखणाऱ्याला द्या म्हणाल्या, थंडीत होईल.

मी माझ्या नोकरीवर परत गेलो. पुढं पुष्कळ देश झाले. त्यातलं फारसं आता वेगवेगळं आठवत नाही. सगळीकडं तोच बाक, तेच दाखले. नईम साहेब बऱ्याच वर्षांनी एका परिषदेत भेटले. आम्ही दोघंही आपापल्या शिष्टमंडळात मागच्या ओळीत होतो. पुढच्या ओळीतल्यांनी एकमेकांवर आरोपांचे कागद वाचले. ते कागद आम्हीच लिहिलेले होते. चहाच्या वेळी ते जवळून जाताना म्हणाले, चचा गुज़र गए. मी विचारलं, और वो? ते म्हणाले, जाती है. रोज़. एवढंच बोलणं झालं. नंतर ते वारल्याचं कुणाकडून तरी कानावर आलं. त्यांच्या घरी दोन ओळी लिहाव्यात असं वाटलं, पण कुठल्या नात्यानं लिहायच्या ते ठरेना.

कांताचं दुसरं लग्न तिच्या भावानं करून दिलं. गयाबाईंनी अडवलं नाही. उलट तिला नवं लुगडं नेसवून वैजापूरपर्यंत पोचवायला गेल्या, असं बबननं सांगितलं.

निवृत्तीनंतर मी एकदा मुद्दाम कन्नडला गेलो. गयाबाई तेव्हा फार थकल्या होत्या, पुढं वर्षभरात गेल्याच. वस्तीवर पक्की घरं झाली होती, मेंढरं थोडीच उरली होती. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. चहा झाला. जुनं काही निघालं नाही, माझी तब्येत, पाऊसपाणी, नातवाची नोकरी एवढंच. उठायच्या वेळी त्यांनी विचारलं, "साहेब, त्या बाईला कंदी सांगितलं का?"

कुठल्या बाईला ते विचारायची गरज नव्हती. मी म्हणालो, "नाही. तिला कळलं नाही. ती शेवटपर्यंत रोज कबरीवर जात होती, असं ऐकलं."

मला वाटलं त्यांना राग येईल. हे ओझं मी इतकी वर्षं वाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर कुणीतरी मला चूक किंवा बरोबर म्हणावं याची वाट बघत होतो. त्यांनी भिंतीला पाठ टेकली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माज्याच्यानं जाणं झालं नसतं. ती बसली ना रोज त्याच्यापाशी."